पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
अनसूबाय पालशेतकर हे बोटांवर करते,
अंगठ्याने पेरं मोजत, शाळेचं तोंड न पाहता.
चतुर्थीला भरती तीनला,
म्हणजे सकाळी नऊला
जेटीची शेवटची पायरी उघडी,
पायरीखाली कंबरभर हवा,
हवेखाली, हेलकावत, खाडीची तर.

दवाखाना पलीकडच्या काठाला.
म्हाताऱ्यांची तपासणी मंगळवारी, दहा ते बारा.
मंगळवार सरकारचा, तिथी चंद्राची,
दोघांचं जमतं कधीमधी.
एरवी खलाशी पोरं काखेत हात घालून
तिला उतरवून घेतात. चांगली पोरं आहेत.
“आजी, सोड अंग,” म्हणतात.
ती अंग सोडत नाही.
पन्नास वर्षं डोक्यावर पाटी घेऊन
ह्याच जेटीवर चढली-उतरली ती.
पाटीला काय वाटत असेल
हे आता कळलं, म्हणते, एक्याहत्तराव्या वर्षी.

मी ग्रामपंचायतीत लिपिक.
माझ्या टेबलावर एक पत्रक आलं,
जगभरातल्या वृद्धांच्या हक्कांचं.
लांबच्या कुठल्या शहरात
पुष्कळ देशांची माणसं पुष्कळ दिवस बसून
एकेका शब्दावरून भांडली, असं त्यात होतं.
मराठी जड होतं.
सुदृढ वार्धक्य. स्वायत्तता. सन्मान.
बैठकीला नऊ जण आले,
झोपलेला धरला तर दहा.
कासमचाचा होडेकर कानाला पंजा लावून बसले.
मी सगळं वाचलं, परिशिष्टासकट.

अनसूबायने विचारलं, “त्याच्यात पायरी हाय का?”

मी पुन्हा पाहिलं. मागची बाजूही पाहिली.
“सन्मान आहे,” म्हटलं.
“म्हंजे काय?”
मला पटकन सांगता येईना.
वीस वर्षं हा शब्द मी
शाल-श्रीफळाच्या आधी लिहीत आलोय, सवयीने.
तीच म्हणाली, “कुनी काखेत हात न घालता
तरीत चढनं. तसं लिव.”

तसं लिहिलं.
खालच्या अंगाला तीन पायऱ्या, एक कठडा.
“दोन्ही बाजूंना लिही,” कासमचाचा म्हणाले,
“माझा डावाच हात चालतो.”
सह्या आणि अंगठे मिळून नऊ.
झोपलेल्याला उठवून दहा.

उत्तर आलं, पावसाळ्यानंतर.
जेटी बंदर खात्याची, पायरी बांधकामाची.
शेवाळाचा उल्लेख नव्हता.

मग वृद्ध दिनाला साहेब आले.
दिवस त्यांचा, वेळही त्यांनीच कळवलेली.
आम्ही फक्त पेरं मोजली
आणि गप्प राहिलो. चतुर्थी होती.

नऊची तर पायरीखाली लागली.
साहेबांनी मान वर करून पाहिलं.
बूट चकचकीत, एका हातात फाइल.
पोरं सवयीने पुढे झाली,
काखेत हात घातले.
“नको, नको, येतो मी,” साहेब म्हणाले,
आणि तो आवाज मी ओळखला.
दर मंगळवारी ऐकतो.

वर येऊन त्यांनी शर्ट खोचला.
भाषण बरं केलं. जगाचं बोलले.
पायरीचं नाव काढलं नाही,
पण मधेच दोनदा जेटीकडे पाहिलं.
अनसूबायला शाल मिळाली.
तिने ती घडीसकट मांडीवर ठेवली
आणि विचारलं, “माघारी किती वाजता?”
“लगेच, अकराला.”
तिचा अंगठा पेरांवरून फिरला.
“दीडपर्यंत थांबा,” ती म्हणाली,
“पानी वर येल.
मग कुनी लागनार नाय तुमाला.”

थांबले ते. आमच्याकडे जेवले.
पायऱ्या अजून व्हायच्या आहेत.